निवटी, मार्क सात

अस्पीनं खोका उघडला:
राखाडी रेझिनच्या अकरा गाड्या,
प्रत्येक चिंचोक्याएवढी,
साच्याच्या कडा अजून तासायच्या राहिलेल्या.
"प्रमाण एकास दोनशे पंच्याऐंशी," तो म्हणाला,
"म्हणजे माणूस तांदळाचा दाणा.
तू इतिहास लिही. खोक्याच्या पाठीवर मावेल एवढाच.
साल बावीसशे चौदा. जागा आपलीच."

आपलीच म्हणजे शिवडी.
पुढे त्याचा गाळा, मागे खाडीचा गाळ.
मधे एका कान्याचा फरक,
तोही उधाणाच्या दिवशी पुसला जातो.

मी लिहिलं:
निवटी, मार्क एक ते सहा. बांधणी माझगाव.
बूड सपाट, पुढे दोन कल्ले, मागे ढकलणारी शेपटी.
पाण्यात पोहते, चिखलात सरपटते,
श्वास दोन्हीकडे घेते.
शत्रू: ठाण्याच्या मनोऱ्यांचं संघराज्य.
(अस्पीची बायको ठाण्याची.
त्यानं खोडून ऐरोली केलं.)

चिंबोरी: मेलेल्या गाड्या ओढून आणते.
पहिल्याच दिवशी सुकाणू अडकलं, सुटा भाग आला नाही,
म्हणून आडवी चालली;
चाळीस वर्षांनी तीच शिस्त झाली,
कवायतीत सरळ चालणाऱ्याला शिक्षा.
शिंगाळा: सुरुंग पेरतो. उचलताना काटा सांभाळा.
बोंबील: चिलखत शून्य. फक्त निरोप नेतो.
उन्हात टांगल्यास कडक होतो.

इथवर हसत हसत झालं.

मग खोक्याच्या तळाशी सापडली एक निवटी,
साच्यात हवेचा बुडबुडा राहिलेली.
तोफेच्या जागी खळगा,
पडलेल्या दुधाच्या दातासारखा.
अस्पी ती कचऱ्यात टाकणार
तोच मी म्हटलं, थांब, ही मार्क सात.

आणि रात्रभर खोटं लिहिलं.
लिहिलं, की तोफ कुणी काढली याची दप्तरात नोंद नाही.
लिहिलं, की भांगाच्या दिवसांत,
पाणी ना धड चढतं ना धड उतरतं तेव्हा,
दोन्ही बाजूंच्या गाड्या गाळात रुतायच्या,
आतले लोक झाकण उघडून उभे राहायचे
आणि उभं राहणाऱ्याला गाळ गिळायचा.
मार्क सात तिथं जायची. रंग न बघता
दाणे वेचायची.
चालक: धाकू. वय नोंदवलेलं नाही.
तिला एकच विद्या ठाऊक होती:
पोटावर पड, टोपली पुढे ठेव,
वजन वाटून टाक.

ही विद्या मात्र खोटी नव्हती.
धाकूमावशी अशीच निवट्या धरायची,
ढोपरं, कोपरं, हनुवटी, सगळं चिखलात,
आणि बोटं बिळात.

शनिवारी परळच्या हॉलमध्ये पहिला डाव पडला.
टेबलावर पुठ्ठ्याचा भाऊचा धक्का,
गंजाला विटेची पूड, पाण्याला नखांचं पॉलिश.
आठवीतला एक मुलगा, रेयांश गोवारी,
पत्ता उलटून विचारू लागला,
"हल्ला किती?"
शून्य.
"मग हिला घेऊन करायचं काय?"
अस्पीनं माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.
तो मुलगा हरला, सपशेल हरला,
पण घरी जाताना त्याच्या मुठीत होती
तीच.

आता मागणी येते नागपूरहून, सांगलीहून:
मार्क सात आहे का?
आणि अस्पी, जो बुडबुड्याला शिव्या द्यायचा,
टाचणी घेऊन बसतो,
साच्यात मुद्दाम हवा भरतो.
दहांत चार नीट बिघडतात.
बाकीच्यांना तोफ येते, त्या फुकट जातात.

एक मी मावशीकडे नेली.
तिनं तळहातावर घेतली,
मासळी पारखतात तशी उलटी केली.
"वाटा कितीला?"
अकरांचे साडेचार हजार, म्हटलं.
ती हसेल असं वाटलं होतं. नाही हसली.
चश्मा पुसून पुन्हा बघितलं, म्हणाली,
"हिचं डोलं वर काढ गो.
गालान सगलं गेलं तरी
डोलं भायेर रातान."